मान हलवण्याआधी

चार शिकलेली माणसं घरात येऊन बसली की काहींना अचानक चहाची आठवण होते. समोरचे कप अजून अर्धे भरलेले असतात, तरी ही माणसं उठतात, "अजून थोडा टाकते" म्हणतात आणि आत जाऊन गॅसपाशी उभी राहतात. बाहेर हसणं-बोलणं चालू असतं आणि ही आत उकळलेलाच चहा पुन्हा उकळत असतात. असं एखादं माणूस तुमच्या-आमच्या प्रत्येक घरात असतं. पुष्कळदा ते आपणच असतो, तेव्हा उगाच शेजाऱ्याकडे बघू नका.

कातळवाडीची नूतन ही त्यातलीच. कातळवाडी म्हणजे भाटघर धरणाच्या पाण्याच्या वर, डोंगराच्या कुशीत बसलेली सत्तावीस उंबऱ्यांची वाडी. नूतन भोरला मामाकडे राहून दहावीपर्यंत शिकली. पुढं का शिकली नाही ते सांगत बसत नाही. मुलींच्या शाळा कशा सुटतात ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन ती वाडीत आली. नवरा इंद्रजित शिवऱ्याला टेम्पो चालवायचा. भाताची चार खाचरं, दोन म्हशी, एक मुलगी असा तिचा संसार बरा चालला होता.

शाळेत तिच्या बाकावर प्रेरणा बसायची. गणिताच्या तासाला ही प्रेरणा नूतनच्या वहीत डोकवायची, हे दोघींनाही आठवतं. पण नूतनला वाटायचं, ते सांगण्यात आता काय अर्थ? प्रेरणा पुण्याला गेली, शिकत गेली आणि जमिनीखालचं पाणी कुठून कुठं जातं याची जाणकार झाली. तिसरा मित्र अमृत कॉलेजात प्राध्यापक झाला. अठरा-वीस वर्षांनी मोबाईलवर दहावीच्या वर्गाचा ग्रुप निघाला आणि सगळे पुन्हा एकत्र आले. ग्रुपवर मोठमोठे लेख यायचे, वाद व्हायचे. नूतन सगळं वाचायची. निम्मं कळायचं नाही. मग ती खाली अंगठा टाकायची आणि मोबाईल बाजूला ठेवायची.

तिला त्या लोकांचा हेवा वाटायचा असं समजू नका. तिला त्यांचं नवल वाटायचं. प्रेरणा आकाशातून काढलेले डोंगराचे फोटो दाखवायची, खडकाच्या पोटात काय आहे ते घरबसल्या सांगायची, तेव्हा नूतन अगदी देवळात उभी राहावी तशी ऐकत राहायची. फक्त त्या नवलाच्या मागोमाग एक दुसराच विचार यायचा. यांच्या डोक्यात केवढं भरलंय, आणि आपल्या डोक्यात काय? शेण, शेत आणि स्वयंपाक. तो विचार एकदा आला की तिची जीभ टाळूला चिकटायची.

मागच्या मे महिन्यात वर्गाचं स्नेहसंमेलन नूतनच्या घरी झालं. पाहुण्यांनी बघितलं की वाडीतली विहीर कोरडी पडलीय, धरणाचं पाणी पार खाली सरकलंय आणि बायका डोंगरावरच्या झऱ्यावरून हंडे आणतायत. सगळ्यांना वाईट वाटलं. वाईट वाटून गप्प बसणाऱ्यांतला हा वर्ग नव्हता, हे त्यांचं मोठेपण. डोंगरातल्या झऱ्यापाशी टाकी बांधायची, तिथून नळी टाकून पाणी आपसूक उताराने वाडीत आणायचं, असं ठरलं. प्रेरणाने काम अंगावर घेतलं.

जानेवारीत प्रेरणा आणि अमृत नूतनच्या ओसरीवर बसले. पाणी समितीचा हनुमंत होता, आणखी पाच-सहा जण होते. प्रेरणाने लॅपटॉप उघडला. पडद्यावर डोंगराचा नकाशा आला. नुसत्या तांबूस रेघा, एकीत एक, एकीत एक. मध्ये एक लाल ठिपका.

प्रेरणा म्हणाली, "या बाजूला पाण्याचा जोर सगळ्यात चांगला दिसला. नूतन, तू रोज जातेस. उन्हाळ्यात तुम्ही पाणी आणता तो झरा हाच ना?"

नूतनने पडद्याकडे बघितलं. डोंगराचा माथा कुठला आणि पायथा कुठला, तेच तिला लागेना. ठिपका कुठं आहे म्हणायचा? हिरडीच्या झाडापाशी झरा आहे तिथं, की वर कातळाच्या सांदीत दुसरा आहे तिथं? विचारावं, तर समोर प्राध्यापक बसलेले, हनुमंत बसलेला, सगळ्यांचे डोळे तिच्यावर. तिच्या कानशिलांना घाम फुटला.

"व्हय," ती म्हणाली आणि मान हलवली. "ह्योच."

"झालं तर मग," प्रेरणा म्हणाली आणि नूतन चहा टाकायला आत गेली.

त्यानंतर महिनाभर कुणी काही बोललं नाही. फेब्रुवारीत ठरलं की येत्या रविवारी ईर्जिक करायची. ईर्जिक म्हणजे आपल्याकडची जुनी चाल. एकाच्या कामाला सगळ्यांनी जायचं, मजुरी घ्यायची नाही, फक्त पोटभर जेवायचं. रविवारी सगळी वाडी कुदळी-फावडी घेऊन टाकीचा पाया खणणार होती. त्याआधी शुक्रवारी सकाळी नूतन हंडे घेऊन डोंगरात गेली, तर हिरडीच्या झाडाजवळच्या झऱ्यापाशी पांढऱ्या फक्कीने चौकोन आखलेला. शेजारी वाळूचा ढीग येऊन पडलेला.

हंडे तिच्या हातातून खाली ठेवले गेले, ते तिलाही कळलं नाही.

हिरडीचा झरा! माघात काय त्याचा तोरा असतो, हाताएवढी धार पडते. पण होळी झाली की तो खंगायला लागतो आणि पाडव्याच्या पुढं त्यात चिमणीची चोच भिजत नाही. वैशाखात वाडी जगते ती वरच्या सांदीतल्या झऱ्यावर. कातळाच्या भेगेतून करंगळीएवढं पाणी येतं, पण येतं ते बाराही महिने. हिरडीला टाकी बांधली म्हणजे ऐन उन्हाळ्यात कोरडी टाकी, कोरडा नळ, आणि पुन्हा बायकांच्या डोक्यावर हंडे. आणि हे सगळं कशामुळं, तर तिच्या एका मान हलवण्यामुळं. 

तुम्ही म्हणाल, मोबाईल होता की हातात. एक फोन लावायचा. लावायला काय हो, पण त्या फोनवर बोलायचं काय होतं? 'मला नकाशा कळला नव्हता, मी खोटंच हो म्हणाले.' हे वाक्य तोंडातून काढणं म्हणजे काय, ते ज्याच्यावर वेळ येते त्यालाच कळतं. शुक्रवारचा दिवस गेला. शनिवारी दुपार टळली, तरी नूतनने फोन लावला नव्हता. पण तिने एक वेगळीच युक्ती शोधून काढली होती. ती घेऊन ती शेजारच्या सोपानतात्यांकडे गेली.

सोपानतात्या एसटीत कंडक्टर होते. भोर डेपोत एकतीस वर्षं घंटी वाजवून आता अंगणात भेंडीची रोपं लावत बसायचे. माणसं वाचण्यात त्यांचा हात धरणारा वाडीत कुणी नव्हता.

"तात्या," नूतन म्हणाली, "हिरडीखाली म्हसोबाचं ठाणं व्हतं का वो पूर्वी?"

"न्हाई बा. का?"

"न्हाई, म्हनलं असंल तर... उद्या कुणी तरी सांगाया पायजे. देवाच्या जागेवर टाकी नको म्हनून. वरच्या सांदीला बांधा म्हनावं."

तात्यांनी हातातली खुरपी खाली ठेवली. तिच्याकडे नीट बघितलं. "सूनबाई, खरं काय ते सांग. म्हसोबाला मधी कशाला घेतीस?"

मग नूतनला रडू फुटलं. नकाशा, लाल ठिपका, समोर बसलेले अमृत आणि हनुमंत, हलवलेली मान, सगळं तिने सांगून टाकलं. "त्यास्नी काय वाटंल तात्या? एवढी शिकलेली मानसं. पैलंच मला वाटतं मी त्यांच्यात बसायच्या लायकीची न्हाई. आता तर त्यास्नीबी कळंल."

तात्यांनी हातांची माती झटकली. मग म्हणाले, "सत्तर-ऐंशी येळा बघितलेली गोष्ट सांगतो, पर एकच मानूस सांगतो. सांजच्या गाडीला भोर स्टँडवर एक बाबा चढला. नवं धोतर, फेटा, हातात पेढ्यांचा पुडा. म्या विचारलं, कुठलं देऊ? म्हनला, शेवटचं द्या. गाडी महाडची. वरंधा घाट उतरून महाडला गेल्यावर बाबा खाली उतरला, इकडं-तिकडं बघितलं आनि रडायला लागला. त्याला जायचं व्हतं वेल्ह्याला. लेकीचा साखरपुडा व्हता. गाडीवरची पाटी वाचाया येत न्हवती, आनि विचारायची लाज वाटली म्हनून 'शेवटचं द्या' म्हनला. लेकीचा साखरपुडा बापाबिगर झाला."

नूतनने डोळे पुसले.

"पाटी वाचाया न येनं ह्यो काय गुन्हा न्हाई," तात्या म्हणाले. "त्या बाबाला शंभर गोष्टी येत असतील ज्या मला न्हाई येत. पर न विचारता गाडीत बसला, तितं चुकला. आनि त्यो बाबा तर एकटाच चुकीच्या गाडीत बसला व्हता. तू सत्तावीस घरं बसवलीस."

हे शब्द नूतनला लागायला हवे होते तसेच लागले.

"आनि दुसरी गोष्ट," तात्यांचा आवाज जरा खाली आला. "माझंबी चुकलंच की. म्या म्हनाया पायजे व्हतं, बाबा, जायचं कुठं तुमाला? म्या तिकीट फाडलं आनि म्होरं गेलो. तुझ्या मैत्रिनीनंबी तसंच केलं. तुला वर डोंगरात न्यायचं, तर कागदावर बोट ठिवलं. तवा सगळी लाज तू एकटीनं घेऊ नको. पर खरं तूच सांगायचं. आन म्हसोबा नको. उद्या खोटा म्हसोबा सांगितलास तर सात पिढ्या लोक तितं नारळ फोडतील."

नूतन रडता रडता हसली. मग म्हणाली, "पर त्ये इच्यारतील, कशावरनं? त्यांच्याकडं आकडे हायत. माझ्याकडं काय हाय?"

"काय हाय ते घरी जाऊन बघ," तात्या म्हणाले आणि त्यांनी खुरपी उचलली.

रविवारी सकाळी हिरडीपाशी सगळी वाडी जमली होती. बायकांनी भाकऱ्या बांधून आणल्या होत्या. पुण्याहून प्रेरणा आणि अमृत आले होते. हनुमंताने नारळ हातात घेतला, तेवढ्यात नूतन पुढं झाली. तिच्या काखेत कागदांची मोठी गुंडाळी होती.

"थांबा," ती म्हणाली. तिने गुंडाळी छातीशी धरली. "टाकी हितं बांधू नका. ह्यो झरा पाडव्याला आटतो. प्रेरणा, तू तवा नकाशा दाखवलास, तो मला कळलाच न्हवता. कळलं न्हाई म्हनायची लाज वाटली, म्हनून मी उगाच मान हलवली. चूक माझी हाय."

हनुमंताने नारळ खाली ठेवला. "तवा तोंडात काय मिठाची गुळनी धरली व्हती का, वहिनी? वाळू आली, सिमेट यायला निघालंय, आनि आता सांगता? आनि मानसं काय कमी हायत का वाडीत? झरा आटतो म्हनून बाकीचं कुणी बोललं का?"

त्यावर गर्दीतली धोंडाबाई पुटपुटली, "पानी आमी बाया भरतो, आमाला कुणी इच्यारलंच न्हाई." पण ते हनुमंताने ऐकलं नाही.

अमृत समजुतीने म्हणाला, "नूतन, तुझा प्रामाणिकपणा मोठा आहे. पण असं अंदाजाने जागा बदलता येत नाही गं. त्याला मोजणी लागते. नोंदी लागतात. एखाद्या वर्षी आटला असेल..."

"अंदाज न्हाई," नूतन म्हणाली आणि गुंडाळी उघडली.

ती जुनी कॅलेंडरं होती. अठरा वर्षांची अठरा. कोपरे उंदराने कुरतडलेले, पानांवर तेलाचे डाग. जानेवारीपासून जूनपर्यंत जवळजवळ प्रत्येक तारखेच्या चौकोनात बॉलपेनने एक आकडा लिहिलेला.

"हे काय आहे?" प्रेरणाने विचारलं.

"वाती."

"कसल्या वाती?"

"फुलवाती. आमच्या आत्यांनी, सासूबाईंनी, लाख वातींचा नवस बोलला व्हता. त्यांचे हात कापाया लागले, मग मी करू लागले. पानी भरायला बसलं की हंडा भरस्तोवर काय करायचं? कापूस घेऊन जायची. हंडा धारेखाली लावायचा आनि वाती करायच्या. लाख मोजायच्या म्हंजे लिहून ठिवाया लागतं. रोज चार हंडे, त्यात किती वाती झाल्या, ते घरी आलं की लिहायची."

अमृतला अजून काही लक्षात आलं नव्हतं. प्रेरणाच्या मात्र चेहऱ्यावरचा रंग बदलला. तिने एक कॅलेंडर घेतलं, मग दुसरं, मग ती सरळ वाळूच्या ढिगावर बसली आणि कॅलेंडरं मांडीवर पसरून बोट फिरवू लागली.

"जानेवारीत चार. म्हणजे हंड्याला एक वात," ती स्वतःशीच बोलत होती. "फेब्रुवारीत पाच, सहा. होळीला वीस. मग अठ्ठावीस... आणि इथं एकदम बावन्न. नूतन, इथं आकडा असा उडी का मारतो?"

"तितं हिरडी आटली. त्या दिसापासून वर सांदीला जायचं. सांदीची धार बारीक, म्हनून वाती जास्ती व्हतात."

प्रेरणाने दुसरं वर्ष काढलं. तिसरं काढलं. पाडवा कधी मार्चात, कधी एप्रिलात. पण त्याच्या आगेमागे चार-सहा दिवसांत तीच उडी. अठरा वर्षांत अठरा वेळा. आणि त्या उडीच्या पुढचे आकडे? बावन्न, बावन्न, चोपन्न, छप्पन्न. जूनपर्यंत छप्पन्न. पुढच्या वर्षी पुन्हा छप्पन्न. एका वर्षी फक्त ते बहात्तरपर्यंत चढले होते.

"त्या साली पाऊस लई कमी झालता," नूतन म्हणाली. "तरी सांदी आटली न्हाई."

प्रेरणाने मान वर केली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "अमृत," ती म्हणाली, "आम्ही एखाद्या झऱ्याची दोन उन्हाळे नोंद ठेवली तरी पाठ थोपटून घेतो. हे अठरा उन्हाळे आहेत. रोजचे!"

आता हनुमंताचा आवाज मऊ झाला होता, पण शंका गेली नव्हती. "वाती म्हंजे काय घड्याळ हाय का, ताई? आज चटाचटा केल्या, उद्या सावकाश."

"बघू की मग," प्रेरणा म्हणाली आणि उठली. "चला सांदीला."

सगळी वाडी वर चढली. कारवीच्या झुडपांतून वाट काढत, दगडांना धरत, अमृत तर धापा टाकत. सांदीत पोचल्यावर गार लागलं. काळ्या कातळाला उभी भेग, भेगेतून करंगळीएवढी धार, खाली हंड्याच्या बुडाने झिजून गोल झालेला दगड. नूतनने हंडा लावला, कमरेची कापसाची पिशवी काढली आणि बसली. प्रेरणाने मोबाईलवर सेकंद मोजायला सुरुवात केली.

नूतनची बोटं चालू लागली. कापूस ओढायचा, तळहातावर पसरायचा, मध्ये चिमूट काढून वळायची, झाली वात. तिचं लक्ष बोटांकडे नव्हतंच, ते होतं हंड्यातल्या आवाजाकडे. पाणी चढत गेलं तसा आवाज बारीक होत गेला. साठ-सत्तर माणसं भोवती दाटून बघत होती. हंडा भरून वाहिला तेव्हा दगडावर बारा वाती पडल्या होत्या.

प्रेरणाने मोबाईल अमृतपुढे धरला. "प्रत्येक वातीला वीस सेकंद. एखादीला एकोणीस, एखादीला एकवीस." मग ती खाली बसली, एका कागदावर भराभर गणित केलं. "छप्पन्न वाती म्हणजे हंड्याला चौदा. चौदा गुणिले वीस. पंधरा लिटरचा हंडा... वैशाखातसुद्धा इथून दिवसाला साडेचार हजार लिटर पाणी येतं."

"एवढं कुठलं?" हनुमंत म्हणाला. "बाया तर रांगा लावतात हितं."

"भाऊजी, बाया रात्री कुठं भरतात?" हे नूतन बोलली. कुणी विचारलं नव्हतं, तरी बोलली. "रात्रभर पानी वाहूनच जातंय की. टाकी आसंल तर साठंल."

हनुमंताने एकदा धारेकडे बघितलं, एकदा त्या कॅलेंडरांकडे. मग डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाला, "वहिनी, रागात बोललो. मनात धरू नका."

अमृत अजून त्या कातळापुढेच उभा होता. "प्रेरणा, हे पाणी येतं कुठून? मार्चनंतर वर काहीच नाही, सगळा डोंगर करपलेला असतो."

प्रेरणाने कातळावर हात ठेवला. "हा डोंगर थरांचा आहे. वर पडलेलं पाणी भेगाभेगांतून झिरपत, एका थरावरून दुसऱ्या थरावर उतरत येतं. आता नूतनच्या हंड्यात पडलं ना, ते कदाचित मागच्या पावसाळ्यातलं नाहीच. त्याच्याही मागच्या पावसाळ्यातलं असेल. इतके दिवस ते या अंधारातून चालत होतं."

नूतन हंड्याकडे बघतच राहिली. अठरा वर्षं तिने हे पाणी डोक्यावरून नेलं होतं. ते एवढ्या लांबून, एवढा काळ चालत येतं, हे तिला आज कळत होतं. आणि हे तिला सांगणारी बाई तिच्या बारा वातींकडे तशीच बघत होती. दोघींना एकमेकींचं नवल वाटत होतं. शिकलेपण आणि न शिकलेपण यांच्यामध्ये एवढी मोठी भिंत आहे असं जे आपण समजतो, ती त्या सकाळी सांदीच्या झऱ्यापाशी कुठंही दिसली नाही.

प्रेरणा तिच्याजवळ दगडावर बसली. हळू आवाजात म्हणाली, "नूतन, पुण्याला गेले तेव्हा पहिलं वर्षभर मला वर्गात एक अक्षर कळत नव्हतं. सगळं इंग्रजीत. बाकीच्या मुली माना हलवायच्या, मग मीही हलवायचे. अजूनही मोठ्या साहेबांच्या बैठकीत हलवते. मला वाटायचं, मी एकटीच तशी आहे."

"तू?" नूतन म्हणाली. तिचा विश्वासच बसेना.

"हो, मी. आणि तरी तुझी मान हलली तेव्हा मला ओळखू आलं नाही. मी तुला चालत इथं आणायला हवं होतं. मला घाई होती, आणि नकाशावर माझा फार भरवसा होता. माझं चुकलं."

त्या दिवशी पाया खणला गेला तो सांदीखाली. जागा खडकाळ होती, नळी लांबली, हिरडीपाशी पडलेली वाळू सगळ्यांनी घमेल्याघमेल्याने वर वाहिली. ईर्जिकीचं जेवण दुपारच्या ऐवजी दिवस कलताना झालं, पण कुरकुर कुणी केली नाही. चैत्र संपायच्या आत टाकी उभी राहिली. पाडव्यानंतर चौथ्या दिवशी हिरडी आटली. आणि वैशाखात, भर उन्हाच्या दिवसांत, कातळवाडीच्या नळाला पाणी होतं. धोधो नव्हतं, पण दर घराला पुरत होतं.

जून उजाडायच्या आधी वर्गाची मंडळी पुण्यात प्रेरणाच्या घरी जमली. यंदा नूतनही एसटीने गेली होती. जेवणं झाली, गप्पा रंगल्या. अमृत देशाच्या बाजारपेठेवर बोलत होता, मोठे मोठे शब्द एकामागून एक येत होते आणि सगळे गंभीर चेहऱ्याने ऐकत होते. नूतनच्या कानशिलांना तोच जुना घाम फुटला. ही सवय एका दिवसात जात नसते, खोटं कशाला सांगू? पण ती जागची उठली नाही.

"अमृत, थांब जरा," ती म्हणाली. "हे मला कळलं न्हाई. परत सांग."

काही माना नूतनकडे वळल्या. मग कोपऱ्यात बसलेला स्वरूप, जो मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतो, हळूच म्हणाला, "बरं झालं विचारलंस. मला दहा मिनिटांपासून कळत नाहीये." "मलापण," आणखी एक जण म्हणाली. अमृतने पुन्हा सांगायला सुरुवात केली, सोप्या शब्दांत सांगू लागला, आणि मध्येच अडकला. त्याने डोकं खाजवलं. मग म्हणाला, "एक मिनिट. इथं मलाच नीट माहीत नाही. वाचून सांगतो."

सगळे हसले, पण ते हसणं कुणावरही नव्हतं. त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाच्या खांद्यावरून काही तरी उतरलं होतं.

मंडळी, 'मला कळलं नाही' हे वाक्य आपल्याला शाळेत कुणी शिकवलं नाही. उलट ते बोलणाऱ्याला आपण हसत आलो. म्हणून आपल्यातले कितीतरी जण आयुष्यभर माना हलवत राहतात आणि आपल्याला काहीच येत नाही असं समजून आतल्या खोलीत जाऊन उभे राहतात. त्यांच्या हाताला, पायाला, डोळ्याला काय काय ठाऊक आहे, ते त्यांनाही कळत नाही आणि आपल्यालाही. ज्याला कळलं नाही त्यानं बेधडक विचारावं. ज्याला कळलंय त्यानं समोरच्याची नुसती मान बघू नये, त्याच्याबरोबर चार पावलं चालून बघावं. एका न विचारलेल्या प्रश्नापायी कातळवाडीच्या सत्तावीस घरांचं पाणी अडकणार होतं. आपल्या घरात, आपल्या कचेरीत, आपल्या गावात असं किती पाणी अडकून पडलंय, ते आपण सगळ्यांनीच एकदा वर चढून बघायला हवं.